रुतलेली गाडी, तुटलेली कडी

ओझर म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर विमान उभे राहते. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि तेव्हापासून पत्रावरच्या पत्त्यातदेखील गावाच्या नावापुढे 'मिग' हा शब्द येऊन बसला. परंतु कारखान्याची भिंत ओलांडून निफाडच्या दिशेने चार पावले चालले, की विमानाचा विसर पडतो आणि माती बोलू लागते. ही काळी माती द्राक्षवेलीला मानवते, शेकडो कुटुंबांना पोसते. बेसाल्टच्या खडकापासून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. पाऊस झाला की मात्र तीच माती चाकाला अशी धरते की सोडता सोडत नाही. विमाने घडविणाऱ्या गावात बैलगाडीपासून जीपगाडीपर्यंत सर्व वाहने मातीत रुततात, हे आमचे वास्तव आहे.

इतरांचे पापनिवेदन ऐकण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. आज वाचकांपुढे माझे स्वतःचे एक निवेदन ठेवणार आहे. विषय मात्र एखाद्या गॅरेजमध्ये शोभेल असा आहे: रुतलेली गाडी बाहेर कशी काढावी, आणि कशी काढू नये.

२०१९ सालचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदार विसरणार नाहीत. ऑक्टोबर छाटणी होऊन वेली फुटल्या होत्या आणि परतीचा पाऊस परतायचे नाव घेत नव्हता. डावणी आणि गळकूज यांनी बागा धरल्या. फवारणी थांबवावी तर बाग जाते आणि ट्रॅक्टर बागेत घालावा तर तो रुततो, अशा कात्रीत माणसे सापडली होती. त्या दिवसांत शिवारात जिकडे पाहावे तिकडे एक ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला ओढताना दिसे. आमचे ड्रायव्हरलोक याला 'टोचन लावणे' म्हणतात.

अशाच एका संध्याकाळी मी मळ्यात राहणाऱ्या एका आजारी वृद्धेला पवित्र कम्युनियन देऊन परतत होतो. सात वाजता मंदिरात मिस्सा होती. डांबरी रस्त्याने गेलो असतो तर वीस मिनिटे लागली असती. शिवाररस्त्याने दहा मिनिटांत पोहोचू, असा हिशेब मी केला. अर्ध्या वाटेवर जीप डाव्या अंगाला कलली आणि थांबली.

त्यानंतर मी जे केले ते बहुतेक सर्वच जण करतात. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरू लागले. चाक फिरते आहे, आवाज होतो आहे, म्हणजे काहीतरी घडते आहे, असा भ्रम माणसाला होतो. प्रत्यक्षात फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खणीत असते. पाच मिनिटांत गाडीचा आस मातीला टेकला. जी गाडी चार माणसांच्या रेट्याने बाहेर निघाली असती, ती आता माझ्याच उद्योगाने पुरती गाडली गेली होती.

जवळच्या बागेतून आमच्याच धर्मग्रामातील एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्याबरोबर त्याचा बावीस वर्षांचा पुतण्या होता. पुतण्याने बॅटरीच्या उजेडात चाके पाहिली आणि म्हणाला, "फादर, आधी फावड्यानं मोकळी करू. अर्धा तास लागेल, पण अलगद निघेल." मी घड्याळाकडे पाहिले. साडेसहा वाजून गेले होते. "अरे बाळा, तेवढा वेळ नाही. साखळी लाव आणि ओढ," असे मी म्हणालो.

पहिल्यांदा हळू ओढून पाहिले. गाडी हलली नाही. मग ट्रॅक्टर दोन-तीन हात मागे घेतला, साखळी ढिली सोडली आणि वेगाने पुढे नेऊन हिसका दिला. एकदा, दोनदा. अंधार पडला होता. मला पुढचे काही दिसेना, म्हणून मी त्या मुलाला सांगितले, "इथे माझ्या बाजूला पुढे उभा राहा आणि साखळीवर उजेड धर." तिसऱ्या हिसक्याला साखळीची कडी तुटली. आवाज बंदुकीसारखा झाला. साखळीचे टोक कोणीकडून आले आणि कोणीकडे गेले, ते आम्हा दोघांपैकी कोणालाच दिसले नाही. दिसली ती चिखलात पडलेली, तरीही पेटलेली बॅटरी.

त्या मुलाचा डावा डोळा गेला. नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले की दोन बोटे इकडे लागले असते तर मुलगाच गेला असता. मंदिरात त्या संध्याकाळी पाच वृद्ध स्त्रिया माझी वाट पाहत बसल्या होत्या. मी येत नाही असे पाहून त्यांनी जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि त्या घरी गेल्या. ज्या मिस्सेसाठी मी अर्धा तास वाचवीत होतो तिचे वास्तव एवढेच होते.

मुलाने मला कधी दोष दिला नाही, त्याच्या घरच्यांनीही दिला नाही. तो त्यांचा चांगुलपणा झाला; माझा हिशेब त्याने मिटत नाही. फावड्याचा सल्ला त्याने दिला होता, तो मी डावलला. धोक्याच्या जागी त्याला मीच उभे केले. ती जागा धोक्याची आहे हे मला ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु ठाऊक करून घेणे माझे काम होते.

त्या घटनेनंतर आठवडाभराने मी तुटलेली कडी रुमालात गुंडाळून आमच्या धर्मग्रामातील एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा लावून कडीचे तुटलेले तोंड उन्हात धरले. "फादर, ही त्या दिवशी तुटली नाही," ते म्हणाले. "हे पाहा, निम्मा भाग गंजलेला आहे आणि निम्मा चकचकीत. गंजलेला भाग म्हणजे जुना तडा. त्या संध्याकाळी फक्त उरलेला निम्मा तुटला. आणि इथे कोणीतरी कधीकाळी वेल्डिंग मारून कडी सांधली आहे. वेल्डिंगच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं."

मी विचारले की साखळी एवढी जाड असूनही ती इतक्या जोराने उडाली कशी. तेव्हा त्यांनी अंगणात बसून मला जो धडा दिला, तो सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या तासाइतकाच माझ्या लक्षात राहिला आहे. तो वाचकांना जसाच्या तसा सांगतो.

दोन टन वजनाचा ट्रॅक्टर ताशी दहा किलोमीटर वेगाने निघाला, तर त्याच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते ती पन्नास किलोचे सिमेंटचे पोते पाचव्या मजल्यावरून खाली सोडण्याइतकी असते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. आता हा ट्रॅक्टर साखळीने एकदम अडविला तर ती सारी ऊर्जा साखळीला सोसावी लागते. साखळी ताणली जात नाही. समजा, ट्रॅक्टर अवघ्या दहा सेंटीमीटरमध्ये थांबला, तर साखळीवर सरासरी जवळजवळ आठ टनांचा ओढ येतो. त्याच जागी दोन मीटर ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा असता तर हाच सरासरी ओढ जेमतेम चारशे किलोंचा झाला असता. क्षणिक ओढ दोन्हीकडे याहून मोठा असतो. पण प्रमाण हेच. म्हणजे आमची साखळी जाड होती हे तिचे सामर्थ्य नव्हते. ती लवत नव्हती, हा तिचा दोष होता.

"आणि फादर, ताणलेली वस्तू म्हणजे ओढलेलं धनुष्य," मिस्त्रीकाका म्हणाले. "बाण कुठं जाईल हे तुम्ही ठरवत नाही, जी कडी आधी तुटते ती ठरवते. आमच्या कारखान्यात वजन उचलणाऱ्या प्रत्येक साखळीवर, प्रत्येक आकड्यावर तिची क्षमता कोरलेली असते, तपासणीची तारीख असते. तुमची साखळी कुठून आली, कोणी सांगू शकेल?" कोणीच सांगू शकत नव्हते. ती गोठ्यात होती, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो. जुन्या मंडळींशी बोललो तेव्हा कळले की आमच्या शिवाराला हे ज्ञान अगदीच नवे नाही. मोट चालत होती तेव्हा नाडा ताणलेला असताना पोरांना धावेवर फिरकू देत नसत. भरलेली बैलगाडी रुतली तर आधी माल उतरवीत, मग चाकापुढची माती काढीत, दगड किंवा फांद्या घालीत, आणि सर्वांत शेवटी बैलांना हाक देत आणि चाकाला खांदा देत. दोर अंबाडीचा किंवा घायपाताचा असे. तो तुटला तर त्याच्या टोकाला लोखंडाचा गोळा उडून येत नसे. बैलांची ताकदही मर्यादित होती. आपण बैलांच्या जागी पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचे यंत्र आणले, दोराच्या जागी साखळी आणली, पण माल उतरवण्याचा आणि माती काढण्याचा जुना क्रम मात्र विसरलो.

जीपगाडीची कथाही हेच सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्धानंतर, १९४७ साली, महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्याच वंशातील गाड्यांनी पुढे आमच्याकडच्या कित्येक धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना डोंगरपाड्यांवर पोहोचविले. त्या मूळ जीपचे वजन साधारण अकराशे किलो होते. चारी चाकांना इंजिनाची शक्ती मिळे, ही तिची कीर्ती आपण ऐकतो. परंतु ती हलकी होती, आणि अडली तर सैनिक तिला हातानेच रेटून बाहेर काढीत, हे तिचे खरे बळ होते.

आजच्या गाड्या दीड-दोन टनांच्या आहेत आणि आमची तरुण मंडळी त्यांच्यावर आणखी वजन चढवितात. धर्मग्रामाच्या सणाला वाहनांना आशीर्वाद देण्याची प्रथा आमच्याकडे आहे. अलीकडे त्या रांगेत उंच केलेल्या, रुंद टायरांच्या, पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलेल्या दोन-तीन जीपगाड्या हमखास असतात. पूर्वी मी पवित्र जल शिंपडून पुढे जात असे. आता आधी गाडीखाली वाकून पाहतो. मुले हसतात, हसू देत.

या बदलांविषयी मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांच्या घरी अशी हौस असणारे कोणी ना कोणी असेलच.

रुंद आणि खोल नक्षीचे टायर चिखलात उपयोगी पडतात, यात शंका नाही. परंतु मूळ मापापेक्षा मोठे चाक बसविले की ब्रेकला अधिक काम पडते, वेगदर्शक काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवितो, आणि वळताना चाक घासू लागते. पाटे किंवा स्प्रिंग बदलून गाडी उंच केली की दगड पोटाला लागत नाहीत, पण गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि तिरक्या उतारावर गाडी उलटण्याची भीती वाढते. ब्रेकच्या रबरी नळ्या नव्या उंचीला पुरतात का, हे तपासावे लागते. विंचचे वजन पुढच्या आसावर पडते. हवा घेणारी नळी टपापर्यंत उंच नेली म्हणून गाडी होडी होत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. लोखंडी बंपराचे तर दोन दोष आहेत. धडकेत चिरडून घाव सोसण्यासाठी कारखान्याने गाडीचा जो पुढचा भाग बनविलेला असतो, त्याचे काम तो बंपर बिघडवितो. आणि पायी चालणाऱ्या माणसाला तो जीवघेणा ठरतो. म्हणूनच २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना अशा बंपरांवर कारवाई करण्याविषयी लिहिले.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. तेव्हा हौस करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

परंतु माझे मुख्य म्हणणे निराळे आहे. या तरुणांनी गाडीवर लाखभर रुपये खर्च केलेले असतात. तरीही ओढण्यासाठी दोर कोठे अडकवणार, असे विचारले की ते बंपरला लावलेला एखादा रंगीत हूक दाखवितात. तो हूक कशाला जोडला आहे? दोन पातळ बोल्टांनी पत्र्याला. डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफरचे पदक असते आणि पुढे बाजारातून आणलेला हा हूक. जेथे शक्ती दिसते तेथे आपण खर्च करतो, आणि जेथे सारा भार येणार असतो ती जागा पाहायचे विसरतो.

आता प्रत्यक्ष कृती. हा क्रम मी धर्मग्रामाच्या सूचनाफलकावरही लावला आहे.

गाडी रुतली असे वाटताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. चाक फिरू देऊ नये. माणसांना खाली उतरवावे, माल उतरवावा. उतरून चारी बाजूंनी पाहावे: चाक अडले आहे की गाडीचे पोट टेकले आहे? मग फावडे घ्यावे. ज्या दिशेने गाडी न्यायची त्या दिशेला चाकांपुढची माती उतार देऊन काढावी, आस मोकळा करावा. टायरच्या खाचांत भरलेला चिखल खरवडून काढावा, कारण काळी माती भरली की उत्तमातला उत्तम टायर गुळगुळीत दगडासारखा होतो. चाकाखाली गोणपाट, फांद्या किंवा फळी द्यावी. फळीला खिळे नसावेत, आणि चाकाच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये, कारण फळी चाकाखालून गोळीसारखी सुटते. टायरमधील हवा तीसवरून अठरा-वीस पौंडांवर आणली तर टायर अधिक जमीन धरतो. वाळूत याचा गुण मोठा आहे, चिकट मातीत थोडा कमी. मात्र डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. दहा वेळांपैकी आठ वेळा काम येथेच संपते. दोराची गरजच पडत नाही.

ओढावेच लागले तर दोर गाडीच्या चासीला घट्ट बसविलेल्या, त्याच कामासाठी केलेल्या जागी लावावा. बंपर, आस, स्टिअरिंगचे दांडे या जागा नव्हेत. ट्रेलर जोडण्याचा गोल लट्टूही नव्हे. ऑस्ट्रेलियात असे लट्टू तुटून उडाल्याने माणसे मेलेली आहेत. वाहतुकीच्या वेळी गाडी बांधण्यासाठी खाली जी भोके किंवा कड्या असतात त्यांचाही भरवसा धरू नये. शॅकल वापरावी ती क्षमता कोरलेली.

साखळी किंवा तारेचा दोर असेल तर हिसका कधीही देऊ नये. दोर आधी सावकाश ताणून घ्यावा आणि मगच संथपणे ओढावे. हिसक्यासाठी मुद्दाम बनविलेला, ताण घेणारा नायलॉनचा पट्टा वेगळा मिळतो. त्याचाही उपयोग बेताच्या वेगाने करायचा असतो, आणि असे दोन पट्टे मध्ये शॅकल घालून जोडायचे नसतात, कारण पट्टा तुटला तर ती शॅकल तोफेचा गोळा होते. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी, म्हणजे तुटलेले टोक उंच न उडता खाली पडते. विंच असेल तर तारेचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्यावेत, हातमोजे घालावेत आणि ताणलेली तार कोणी ओलांडू नये. ओढ कमी पडत असेल तर हिसका देण्याऐवजी कप्पी वापरावी. तिने वेग निम्मा होतो आणि बळ जवळजवळ दुप्पट होते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक स्वतंत्र इशारा. दोर नेहमी मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. आसाच्या वर कोठेही बांधला तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि तो चालकावरच मागे उलटतो. हे इतक्या झटकन घडते की क्लच दाबायलाही अवधी मिळत नाही.

शेवटची गोष्ट माणसांची. दोन चालकांखेरीज बाकी सर्वांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला जाऊन उभे राहावे. दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही नको. आज्ञा देणारा एकच असावा, आणि 'थांब' म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांना असावा, लहान मुलालासुद्धा. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी फांदीला बांधावी. ती धरून माणसाला उभे करू नये.

हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, हे वाचकांपासून लपवीत नाही.

इगतपुरीजवळ महिंद्रांनी आडवाटेवर गाडी चालविण्याचे शिक्षण देणारी अकादमी काढली आहे. तेथे चिखल, चढ, खड्डे मुद्दाम राखलेले आहेत. ज्यांना परवडते त्या तरुणांना मी तेथे जाण्याचा आग्रह करतो. ज्या हौशीचे शिक्षण घेतलेले असते ती हौस घातक होत नाही. पण शिवारातल्या शेतकऱ्याला कोणती अकादमी आहे? त्याला रात्री अकरा वाजता फोन येतो, शेजाऱ्याची गाडी अडलेली असते, आणि तो हाताला येईल ते घेऊन धावतो. संकटात धावून जाणारा हा माणूसच दोर तुटल्यावर जखमी होतो. अडकलेला निदान गाडीत बसलेला असतो. मदतीला आलेला उघड्यावर उभा असतो.

शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही बाहेर काढणार नाही काय, असा प्रश्न प्रभूने परुश्यांना केला तो प्रसंग संत लूकने सांगितला आहे. त्या उताऱ्यावर मी कितीदा प्रवचन केले असेल! दया ही नियमापेक्षा मोठी आहे, हे मी लोकांना सांगत आलो आणि ते खरेच आहे. परंतु बैल काढायचा कसा, दोर कोणता, विहिरीच्या काठावर कोणाला उभे करायचे, याचा विचार माझ्या प्रवचनात कधी आला नव्हता. हेतू चांगला असला की कृती आपोआप चांगली होते, अशी माझी समजूत होती. त्या मुलाच्या डोळ्याने ती दूर झाली. परोपकार करणाऱ्याने आपले काम शिकून घेतले पाहिजे. नाहीतर त्याच्या घाईची किंमत तिसराच कोणी भरतो.

तो मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. काकांची बाग तोच पाहतो. त्याच्या ट्रॅक्टरवर एक गोणी असते. तीत फावडे, नायलॉनचा पट्टा, क्षमता कोरलेल्या दोन शॅकल, हातमोजे आणि जुनी घोंगडी. पावसाळ्यात कोणाची गाडी रुतली की लोक त्यालाच बोलावतात. गेल्या वर्षी एका गाडीजवळ मीही होतो. त्याने सर्वांना हात करून मागे सारले, मलाही. "फादर, अजून दहा पावलं मागं," तो म्हणाला. मी गेलो. मग त्याने फावडे उचलले आणि कोणाच्याही घड्याळाकडे न पाहता अर्धा तास माती काढली. गाडी अलगद निघाली. पट्टा गोणीतून बाहेर काढावा लागला नाही.

तुटलेली कडी अजून माझ्या टेबलावर आहे. वाचकहो, आपल्या गोठ्यात, शेडमध्ये अशी एखादी साखळी असेलच. ती कोणी आणली, केव्हा आणली, कोठे सांधली, हे कोणाला आठवत नसेल तर तिने गेट बांधावे, म्हैस बांधावी. गाडी मात्र ओढू नये. आज जेवणानंतर बॅटरी घेऊन जा आणि तिच्या कड्या एकेक करून पाहा. एखादीवर वेल्डिंगचा डाग दिसला, गंजलेली बारीक रेघ दिसली, तर ती साखळी त्याच रात्री बाजूला काढा.